दार पूर्ण उघडू द्या



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या नाटकाला पोचायला मला उशीर झाला. पाऊस, गर्दी आणि स्कूटर लावायला कुठे जागा नाही. सभागृहाच्या दाराजवळ, व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या जागेत एक मोटार उभी होती. तिच्या बाजूला तिरपे पट्टे ओढलेला भाग मोकळा होता. मोटारीची जागा तर मी घेत नव्हतो आणि पट्टे कुणाचेच नाहीत असं वाटलं. स्कूटर तिथे लावली, हँडल लॉक केलं आणि आत पळालो.

नाटक सुटल्यावर पाहतो तर मोटार गेलेली आणि स्कूटर भिंतीपाशी. वॉचमन चिडलेला होता. ‘सगळे बे मिनिट म्हणूनच लावतात,’ म्हणाला. मध्यंतरात आपल्या मंडळातल्या एका काकांना घरून फोन आला होता, काकूंना चक्कर आली होती. काका व्हीलचेअरवरून मोटारीपाशी आले, पण माझ्या स्कूटरमुळे दार पुरतं उघडेना. वॉचमनने दोघांना बोलावून ती उचलून ठेवेपर्यंत काका वीस मिनिटं पावसात बसून होते.

काकू आता बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. काका रागावले नाहीत. ‘खाली चल, दाखवतो,’ म्हणाले. त्यांना लहानपणी पोलिओ झाला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय करून घेऊन ते स्वतः गाडी चालवतात. उतरताना आधी दार पूर्ण उघडायचं, शेजारच्या सीटवरची घडीची व्हीलचेअर अंगावरून ओढून बाहेर काढायची, उघडून तिचा ब्रेक लावायचा आणि मग हातांवर जोर देऊन तिच्यावर सरकायचं. चढताना हेच उलट्या क्रमाने.

‘लोकांना वाटतं, आम्हाला जवळची जागा हवी असते,’ काका म्हणाले. ‘अरे, लांबून मी चाकांवर येईन. मला दार पूर्ण उघडू द्या.’

घरी येऊन नियम वाचले. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशी जागा किमान ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब हवी, प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. या रुंदीत मोटारीशेजारची १.२ मीटरची मोकळी पट्टी धरलेली आहे. म्हणजे मी ज्याला मोकळी जागा समजलो, तोच त्या जागेचा सगळ्यात कामाचा भाग होता.

ब्रिटनमध्ये यासाठी ‘ब्लू बॅज’ असतो. तो गाडीला नव्हे, माणसाला मिळतो. त्यामुळे ती व्यक्ती दुसऱ्याच्या गाडीत बसून आली तरी तो चालतो. आपल्याकडे देशभर चालेल असा पार्किंगचा वेगळा परवाना नाही. सरकारी ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड आहे, ते जवळ ठेवावं. २०२० पासून गाडीच्या नोंदणीतही मालक दिव्यांग असल्याची नोंद करता येते.

कायदा मात्र आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बस थांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांवरच्या सोयींत त्याने पार्किंगचा स्पष्ट उल्लेख केला आहे. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. आणखी एक गोष्ट. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया त्यात आले. तेव्हा त्या जागेतून कुणी चालत उतरला, तर ‘हा तर धडधाकट दिसतो’ असं लगेच म्हणू नये.

पण खरं सांगायचं तर काकांना त्या रात्री आयुक्त उपयोगी पडणार नव्हते. त्यांची वाट अडवणारा मी होतो, त्यांच्याच मंडळाचा सभासद, दर गणपतीत त्यांच्या पाया पडणारा.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. यापुढच्या प्रत्येक कार्यक्रमात ती जागा पट्ट्यांसकट मोकळी राहील हे पाहायला एक स्वयंसेवक नेमावा. तिथे खुर्च्यांची चळत नको, मांडवाचे बांबू नकोत, केटररचा टेम्पो नको आणि ‘बे मिनिट’वाली स्कूटरही नको. गणेशोत्सवात पहिल्या दिवशी तिथे मी उभा राहीन. काकांना तसं कळवलंय. ते म्हणाले, ‘ये, पण पट्ट्यांवर उभा राहू नकोस.’