राग कुठे उतरवायचा?



गेल्या महिन्यातली गोष्ट. पगाराच्या दिवशी मुकादमाने आमच्या नावावर दोन खाडे दाखवले. खाडे आम्ही केलेच नव्हते. विचारले तर चारचौघांत म्हणाला, "परवडत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस." कंत्राटी काम, पाठीमागे घरसंसार. मान खाली घालून सही केली. लोकलमध्ये सव्वा तास उभे होतो आणि तो सव्वा तास मनातल्या मनात मुकादमाशी भांडत होतो. घरी येऊन चपला काढतोय तोच धाकटी म्हणाली, "पप्पा, वह्या आणल्या?" आमचा हात उठला.

पोरगी रडलीसुद्धा नाही. न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची आई एवढेच बोलली, "जिथं बोलायचं तिथं बोलला नाहीत. आणि हिनं तुमचं काय घेतलं होतं?"

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. साहेबाचा राग मुकादमावर, मुकादमाचा आमच्यावर, आमचा बायकापोरांवर. पाणी उताराकडे वाहते तसा राग दुबळ्याकडे वाहतो. ज्या उतरंडीविरुद्ध बाबासाहेब जन्मभर झगडले, तीच उतरंड आपण आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत उभी करतो. जयंतीला निळा झेंडा लावायचा आणि घरात हे?

संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, दुखते. ते दुःख कुणालाच चुकत नाही. पण अजाण माणूस त्यावर शोक, संताप करीत बसतो आणि जणू दुसरा बाण लागल्यासारखे दुहेरी दुःख भोगतो. आमचा पगार कापला गेला हा पहिला बाण. लोकलमधला सव्वा तास हा दुसरा. आणि तिसरा आम्ही स्वतःच्या हाताने पोरीला मारला.

हा दुसरा बाण थांबवण्याचे साधन म्हणजे सम्यक स्मृती, अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती मनाची सततची जागृती, विकारांवर मनाने ठेवलेला पहारा अशी समजावली आहे. पहारेकरी चोराशी गप्पा मारीत नाही आणि त्याला पाहून डोळेही मिटत नाही. तो ओळखतो, कोण आला ते.

आता कुणी विचारील, म्हणजे अन्याय मुकाट सोसायचा? मुळीच नाही. महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मग देवळात शिरणार असल्याची अफवा उठवून सनातन्यांनी आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. आपली माणसे संतापाने पेटली होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, उलट हल्ला होऊ दिला नाही. धम्मदीक्षेला तेव्हा २९ वर्षे अवकाश होता, पण मनावरचा पहारा होता. मग ते गप्प बसले का? त्याच डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरवली. तळ्याचा दावा कोर्टात लढवला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! संतापाचा भडका दहा वर्षे टिकत नाही, जागे मन टिकते.

आम्ही काय करतो ते सांगतो. सकाळी वंदनेआधी पाच मिनिटे ताठ बसून श्वास आत येताना, बाहेर जाताना नुसता जाणतो. मन भटकते. भटकले की परत आणतो, त्याला रागवत नाही. संध्याकाळी घरात शिरण्याआधी बाहेरच थांबून तीन श्वास सावकाश घेतो. छाती भरून आली आहे, दात आवळले आहेत, हे पाहतो. मनाशी म्हणतो, राग आला आहे. एवढ्याने राग पळत नाही, पण हात उठण्याआधी एक क्षण मिळतो. तो क्षणच मोलाचा.

हे पोरीच्या आईला सांगितले तर ती हसली. "तुम्ही उंबऱ्यापाशी थांबाल. मी कामावरून येते ती तडक स्टोव्हपाशी. मी कुठं थांबू?" आम्हाला उत्तर सुचले नाही. आता संध्याकाळचे पाणी आम्ही भरतो आणि ती दहा मिनिटे दाराशी बसते. घरातले ओझे न वाटता बायकोला 'शांत राहा' सांगणे हा धम्म नव्हे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर नुसत्या ध्यानावर राहू नका. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन फुकट लागतो. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात लाज नसते, तशी यातही नाही.

खाड्यांचे काय झाले? डोके शांत झाल्यावर सोबत्यांना विचारले, तर आणखी चौघांचे असेच कापलेले. पाचही जणांनी मिळून तारखांसह अर्ज दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत, पण आता आम्ही एकटे नाही. हजेरी रोज स्वतःच्या वहीत लिहितो.

वह्या दुसऱ्याच दिवशी आणल्या आणि पोरीची माफी मागितली. तिने वहीला कव्हर घालता घालता विचारले, "पप्पा, आता नाही ना मारणार?" आम्ही हो म्हणालो. तो शब्द पाळायला रोज दाराबाहेर तीन श्वास थांबावे लागते.