प्रती संपल्या की आठवणही संपते

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने परवा विचारले, "सर, दलित पँथर म्हणजे नेमका कोणता पक्ष होता?" मुलगा हुशार आहे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असतो. तरीही १९७२ साली मुंबईत, त्याच्यासारख्याच तरुणांनी उभी केलेली संघटना त्याला माहीत नव्हती. दोष त्याचा नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात जनआंदोलनांवर एक प्रकरण होते, त्यात चिपको आंदोलनासोबत दलित पँथरही होती. २०२२ मध्ये अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली ते प्रकरणच वगळले गेले.

समाजावर नियंत्रण ठेवायला पुस्तके जाळावीच लागतात असे नाही. प्रकरण वगळले, प्रती छापल्या नाहीत, तरी तेच साधते. बाबासाहेबांच्या समग्र साहित्याचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून हे खंड प्रकाशित केले. १९८७ मध्ये 'रिडल्स इन हिंदुइझम'ला विरोध झाला, तेव्हा आपला समाज मोठ्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला. पुढे मात्र याच खंडांची छपाई रखडली. नऊ लाख प्रतींचा आदेश असताना चार वर्षांत सुमारे ३३ हजार प्रतीच छापल्या गेल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. तोवर आपल्यापैकी किती जण बोलले होते? बंदी आपल्याला लगेच ओळखू येते, तुटवडा ओळखू येत नाही. आजचे नियंत्रण तुटवड्याच्या वाटेने येते.

जातिव्यवस्थेला हे तंत्र फार जुने आहे. शूद्र-अतिशूद्रांना ज्ञानबंदी केली की त्यांचा इतिहास आपोआप पुसला जातो. इतिहास पुसलेला माणूस आजच्या अवस्थेलाच नशीब समजतो. सम्राट अशोकाचे स्तंभ शतकानुशतके उभे होते, पण लिपी वाचणारे उरले नव्हते. काही ठिकाणी लोक त्या स्तंभाला पांडवांतल्या भीमाची काठी म्हणू लागले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा ते शिलालेख पुन्हा बोलू लागले. ज्ञानाचा आधार सुटला की आठवणीची दंतकथा होते आणि ती दंतकथा कोणीही आपल्या सोयीने सांगू शकतो.

याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. आनंदाने धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला आणि संघाने ते एकत्र म्हणून पक्के केले. एकाच्या स्मरणावर विसंबून न राहता सर्वांनी तपासले. पुढे हे वाङ्मय श्रीलंकेत लिहून काढले गेले. म्हणूनच इथले विहार ओस पडल्यावरही तिथे आणि ब्रह्मदेशात धम्मग्रंथ टिकले. आठवण अनेकांच्या तोंडी आणि अनेक ठिकाणी असेल, तर ती सहज पुसता येत नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. नामांतराचा ठराव १९७८ चा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत ज्यांची घरे जळाली, ज्यांनी तुरुंग भोगला, ते आज सत्तरीत आहेत. त्यांची पत्रके, फोटो, सभांची इतिवृत्ते पेट्यांत पडून आहेत. इमारतीचा पुनर्विकास निघाला की ती रद्दीत जातात. ही रद्दी कोणतेही सरकार विकत नाही, आपणच विकतो. एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात एका विहाराचे ग्रंथालय उभे राहू शकते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून तरुणांना एवढेच सांगणे आहे. या वर्षावासात आपल्या वस्तीतल्या पाच ज्येष्ठांकडे जा. मोबाइलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. नाव, गाव, तारीख विचारून लिहा आणि दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्या. कागद स्कॅन करून निदान तीन ठिकाणी ठेवा. विहारात बाबासाहेबांचे खंड नुसते कपाटात न ठेवता महिन्यातून एकदा एकत्र वाचा. त्या मुलाला मी पँथरबद्दल तोंडी सांगितले. पण पुढच्या मुलाने विचारले, तर त्याच्या हातात ठेवायला काहीतरी छापलेले असले पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.