मैत्री सगळ्यांशी, मग लग्न कोणाशी? कॅथलिक युवा गट आणि पनवेलसारख्या शहराचा प्रश्न

२ ऑगस्ट २०२५. रोमजवळच्या तोर वेर्गाता इथल्या मोकळ्या मैदानावर सुमारे दहा लाख तरुण-तरुणी जमले होते. कॅथलिक चर्चच्या ज्युबिली वर्षातला तरुणांचा हा मेळावा. पोप लिओ चौदावे यांना त्या संध्याकाळी तीन तरुणांनी तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न मेक्सिकोच्या तरुणीचा होता आणि तो होता मैत्रीबद्दल. सोशल मीडियावर एवढे लोक जोडलेले असताना खरी मैत्री आणि खरं प्रेम कुठे सापडतं, असं तिला विचारायचं होतं. दुसरा प्रश्न आयुष्याचे मोठे निर्णय घेण्याच्या धैर्याचा होता. पोपनी उत्तरात अल्गोरिदमचा विषय काढला. आपण काय पाहायचं आणि आपले मित्र कोण असावेत हे यंत्र ठरवू लागलं, तर नात्यांचं काय होतं, असा त्यांचा रोख होता.

हे दोन्ही प्रश्न पनवेलमध्ये विचारले, तर ते एकाच प्रश्नात मिसळतात. कारण इथल्या कॅथलिक मुलामुलींचे बहुतेक मित्र कॅथलिक नसतात. आणि मैत्रीतून प्रेम झालं, की मोठा निर्णय दारात उभा असतो.

पनवेलच का?

वसईतल्या अनेक गावांमध्ये अख्खी आळी कॅथलिक असते. शेजारी, शाळासोबती आणि चर्चच्या गायनवृंदातली मंडळी तीच असतात, मिस्साही मराठीत होते. लग्नं पिढ्यानपिढ्या याच वर्तुळात जुळत आली आहेत.

पनवेल तसं नाही. सिडकोच्या वसाहती, २०१६ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका आणि आता डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेलं विमानतळ. इथला कॅथलिक समाज बऱ्याच अंशी बाहेरून येऊन वसलेला आहे. गोवा, मंगळुरू, केरळ, वसई किंवा मुंबईची उपनगरं सोडून स्वस्त घरासाठी इकडे सरकलेली कुटुंबं. सोसायटीत त्यांची घरं विखुरलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सगळ्या पंथांचे मिळून सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. बिल्डिंगमध्ये, कॉलेजात किंवा हार्बर लाइनच्या डब्यात आपल्याच धर्माचा मित्र भेटण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यावरून येतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. रायगड जिल्हा लॅटिन परंपरेच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो. जानेवारी २०२५ पासून तिथे आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज आहेत. पण केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या कॅथलिकांसाठी कल्याणचा वेगळा धर्मप्रांत १९८८ मध्येच स्थापन झाला. पोप तेच, श्रद्धा तीच, पण उपासनेची रीत वेगळी आणि तरुणांच्या संघटनाही वेगळ्या. एका बाजूला इंडियन कॅथलिक यूथ मूव्हमेंट, दुसऱ्या बाजूला सिरो-मलबार यूथ मूव्हमेंट, शिवाय केरळमधून सुरू होऊन २०१६ मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळवलेली जीझस यूथ. आधीच मूठभर असलेली मुलं अशी वाटली जातात.

युवा गटात नेमकं काय शिकवतात?

बाहेरून पाहणाऱ्याला युवा गट म्हणजे नाताळची कॅरल, रविवारच्या मिस्सानंतरची बैठक, नाटक, फुटबॉल आणि एखादा ट्रेक. ते खरंच आहे. पण यामागे एक विचार आहे आणि तो गंमत वाटावी इतका मैत्रीभोवती फिरतो.

बिशपांच्या सिनडमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये तरुणांवर चर्चा झाली. त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१९ मध्ये ‘क्रिस्तुस विविट’ हा दस्तऐवज काढला. त्यात श्रद्धा हीच येशूशी असलेली मैत्री आहे अशी मांडणी आहे. नियमांच्या यादीऐवजी नातं पुढे ठेवलं आहे. योहानच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हणतो, त्याचा हा आधार.

याच दस्तऐवजात एक भाग असा आहे, जो पनवेलसारख्या ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावायला हवा. युवा सेवाकार्य फक्त चर्चला नियमित येणाऱ्यांपुरतं ठेवू नका, वेगळा जीवनविचार असलेल्या, दुसऱ्या धर्माच्या किंवा धर्मापासून दूर असलेल्या तरुणांनाही त्यात जागा हवी, असं तो सांगतो. म्हणजे हिंदू किंवा बौद्ध मित्राला कॅरलच्या सरावाला आणणं ही पळवाट नाही, ते अपेक्षितच आहे.

सध्या तरुणांसमोर ठेवला जाणारा आदर्शही याच सुरात आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी दोन तरुणांना संतपद मिळालं. कार्लो अकुटिस या वेबसाइट बनवणाऱ्या किशोरवयीन मुलाचे रील्स तुमच्याही फीडवर आले असतील. दुसऱ्याची चर्चा कमी झाली, आणि या विषयासाठी तोच जास्त कामाचा आहे. तूरिनचा पिएर जॉर्जो फ्रासाती (१९०१-१९२५). डोंगर चढणारा, गरिबांच्या वस्तीत जाणारा, दोस्तांमध्ये रमणारा. मित्रांच्या टोळक्याला त्याने ‘संशयास्पद मंडळी’ अशा अर्थाचं मिश्कील नाव दिलं होतं. (कर्नाळ्याला ट्रेकला जाणाऱ्या कुठल्याही ग्रुपच्या व्हॉट्सॲप नावांत ते सहज खपलं असतं.) लौरा हिडाल्गो नावाच्या मैत्रिणीवर त्याचं प्रेम होतं. घरचे स्वीकारणार नाहीत आणि आईवडिलांचं आधीच डळमळतं लग्न आणखी ताणलं जाईल, म्हणून त्याने ते तिला सांगितलंच नाही. चोविसाव्या वर्षी पोलिओने तो गेला.

या गोष्टीकडे त्याग म्हणून पाहता येतं. पण पनवेलमधल्या विशीतल्या मुलीला ती ऐकवताना जरा जपून ऐकवावी. घरच्यांसाठी गप्प बसणं म्हणजेच पवित्रता, असा अर्थ तिने काढला तर चूक तिची नसेल.

प्रेम दुसऱ्या धर्मात झालं तर चर्च काय म्हणतं?

समजा, खारघरची कॅथलिक मुलगी आणि कामोठ्याचा हिंदू मुलगा. कॉलेजपासूनची मैत्री, तो दोन-तीनदा नाताळच्या कार्यक्रमात स्टेज लावायलाही आलेला. आता लग्न करायचं आहे. दोन्ही घरांत पहिला प्रश्न एकच असतो: त्याला ख्रिस्ती व्हावं लागेल का?

उत्तर: नाही. याबद्दल चर्चच्या आत आणि बाहेर सारखाच गैरसमज आहे, म्हणून थोडं सविस्तर पाहू.

कॅथलिक चर्चच्या सध्याच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन संहितेत, बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न हा ‘अडसर’ मानला आहे (कलम १०८६). परवानगीशिवाय असं लग्न चर्चच्या दृष्टीने वैधच होत नाही. पण हा अडसर दूर करण्याचा अधिकार बिशपकडे आहे. त्याला डिस्पेन्सेशन म्हणतात. ते मिळालं की दोघे आपापल्या धर्मात राहून चर्चमध्ये लग्न करू शकतात. चर्च हे लग्न पूर्ण वैध मानतं. मात्र जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसल्याने त्याला ‘संस्कार’ हा दर्जा मिळत नाही. प्रोटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स जोडीदार असेल, तर बाप्तिस्मा झालेला असतो, त्यामुळे तिथे फक्त परवानगी लागते. आणि दोघेही कॅथलिक असून एक लॅटिन आणि एक सिरो-मलबार असेल, तर यापैकी कशाचीच गरज नसते. मुलं कोणत्या रीतीची, हे तेवढं आधी बोलून घ्यावं लागतं.

खरा पेच डिस्पेन्सेशनच्या अटींत आहे. कलम ११२५ नुसार कॅथलिक व्यक्तीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपली श्रद्धा जपण्याची तयारी आहे, आणि होणाऱ्या सगळ्या मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्या परीने शक्य ते सारं करू. दुसऱ्या जोडीदाराकडून असं वचन घेत नाहीत. पण हे वचन दिलं जातंय याची त्याला नीट कल्पना द्यावी लागते. पूर्वी नियम कडक होता. १९१७ च्या संहितेत दोघांकडून हमी घेतली जायची. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये तो बदलला.

‘आपल्या परीने शक्य ते सारं’ या शब्दांत बरीच जागा आहे. मूल कॅथलिक झालंच पाहिजे, नाहीतर लग्न मोडलं, असा त्याचा अर्थ नाही. लग्न टिकवणं आणि जोडीदाराच्या सद्सद्विवेकाचा मान राखणं हेही शक्यतेच्या मर्यादेतच येतं. पण ही सूक्ष्म गोष्ट लग्नाच्या दोन महिने आधी, हॉल बुक झालेला असताना, घाईत फॉर्मवर सही करताना कळत नाही. मग बाळ झाल्यावर बारसं की बाप्तिस्मा यावरून घर पेटतं आणि मुलाकडचे म्हणतात, आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

इथे युवा गटांवर थोडी टीका करायला हवी. प्रेमावर तिथे पुष्कळ बोललं जातं: शुद्धता, आदर, योग्य जोडीदार. आंतरधर्मीय प्रेमाचा विषय मात्र बहुधा धोक्याची सूचना म्हणून येतो, नाहीतर येतच नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये अशा लग्नांना रोजच्या जगण्यातल्या धर्मसंवादाची विशेष जागा म्हटलं आहे, अडचणीही तितक्याच स्पष्ट सांगितल्या आहेत. ज्या गटात मित्र सगळ्या धर्मांचे चालतात, तिथे त्याच मैत्रीची पुढची पायरी निषिद्ध विषय ठरवली, तर मुलं गप्प होतात आणि यायची थांबतात. गटाचं नुकसान त्यातच जास्त आहे.

मग लग्नासाठी धर्मांतर केलं तर?

चर्चमध्ये प्रौढाचा बाप्तिस्मा आठवड्याभरात होत नाही. त्याआधी तयारीचा मोठा काळ असतो, बहुतेक ठिकाणी अनेक महिन्यांचा, आणि इच्छा मनापासून आहे का हे पाहणं धर्मगुरूचं काम असतं. केवळ सासर खूश व्हावं म्हणून केलेला बाप्तिस्मा चर्चलाही नको असतो.

महाराष्ट्रात याची आणखी एक बाजू आहे, जी चहाच्या टपरीवरच्या चर्चेत कधी येत नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांनाच मिळतो. त्यामुळे या प्रवर्गातल्या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर त्याचं आरक्षण जाऊ शकतं. ख्रिस्ती व्यक्तीशी नुसतं लग्न केल्याने ते जात नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात हेच अधोरेखित केलं. प्रत्यक्षात ख्रिस्ती आचरण असताना केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा तो निकाल होता. प्रेमापोटी घाईने उचललेलं पाऊल नोकरीपर्यंत पोहोचू शकतं, ते असं.

आणि सरकार?

चर्चच्या परवानगीचं काम झालं, तरी आजूबाजूची हवा उरतेच. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली विवाह-परिवार समन्वय समिती नेमली. सुरुवातीच्या आदेशात आंतरजातीय लग्नंही होती. टीका झाल्यावर काही दिवसांतच ती वगळून फक्त आंतरधर्मीय ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची आणखी एक समिती आली. ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीचं धर्मांतर यांविरोधातल्या कायद्याचा अभ्यास हे तिचं काम. रोख उघडपणे दुसऱ्या समाजाकडे असला, तरी धर्मांतराचा संशय ख्रिस्ती युवा गटापर्यंत यायला वेळ लागत नाही. हिंदू मित्राला कॅरलला बोलावताना ‘त्याच्या घरचे काय म्हणतील’ हा विचार आता जास्त वेळा मनात येत असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

कायद्याने लग्नाचे दोन मार्ग आहेत. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला, तरी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लग्न लागू शकतं. दुसरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. यात दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. घरून विरोध असलेल्या जोडप्यासाठी हेच ३० दिवस सगळ्यात अवघड असतात.

नवी मुंबईकरांची इथे हमखास गल्लत होते. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, तर शेजारचं खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. पत्ता रायगडचा असेल तर नोटीसही रायगडच्या विवाह अधिकाऱ्याकडेच जाते. आणि फक्त या मार्गाने लग्न केलं, तर कॅथलिक जोडीदारासाठी चर्चच्या दृष्टीने ते अपुरं राहतं. चर्चमधल्या विधीतूनही सूट देण्याचा अधिकार बिशपला आहे, पण ती लग्नाआधी मागावी लागते. आधीच नोंदणी होऊन गेली असेल, तरी नंतर चर्चमध्ये लग्न वैध करून घेण्याची सोय आहे. सुरुवात आपल्या धर्मगुरूंपासून करायची, आणि शक्यतो हॉल बुक करण्याच्या आधी.