उन्हाचं चुकीचं भय

मार्च उजाडला की घरोघरी लहान मुलांना ठरलेला धाक ऐकू येतो: उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील. मुलग्यांना तो जरा सौम्य मिळतो, मुलींच्या वाट्याला मात्र पुढच्या लग्नाची काळजीही जोडून येते. सांगणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो. पण पाच वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की उन्हाचा धोका म्हणजे रंग जाणं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, लघवी कमी होणं यांचा त्या धाकात पत्ताच नसतो. बाजारानं हा समज चांगला पोसला. ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम १९७५मध्ये आली आणि नावातला ‘फेअर’ गळायला २०२० उजाडावं लागलं. तिच्या जाहिराती पाहत वाढलेल्या कितीतरी मुली आज आया आहेत.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट वरवर उलटी वाटते. तिथं उन्हात पडून कातडी रापवणं मिरवण्याचा विषय होता, आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलिया मोडतो. १९८१मध्ये तिथल्या कर्करोगविरोधी मोहिमेनं सिड नावाच्या सीगल पक्ष्याला टीव्हीवर नाचवलं: सदरा चढवा, क्रीम फासा, टोपी घाला. पुढे अनेक प्राथमिक शाळांनी नियमच केला की टोपी नसेल तर मैदानात खेळायचं नाही. या नियमात रंगरूपाचा विषयच नाही, त्यामुळे लहान मुलं तो बिनतक्रार पाळतात. तीच मुलं माध्यमिक शाळेत गेली की टोपी दप्तरात जाते, कारण तोवर दिसण्याची चिंता सुरू झालेली असते. आपण तर सुरुवातच दिसण्यापासून करतो.

कुणी म्हणेल, कारण काही का असेना, मूल सावलीत येतं ना? येतं, पण सगळी येत नाहीत. सावळ्या मुलाला ‘तू आधीच काळा’ म्हणून कुणी हाकच मारत नाही. उष्माघात काही रंग बघून गाठत नाही. उलट गोरी म्हणून जपलेली मुलगी संध्याकाळी पाचच्या लगोरीलाही मुकते. केंद्र सरकारच्या २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन मुलांपैकी २४ टक्क्यांत उन्हातून मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. तिची कारणं अनेक आहेत, सगळा दोष या धाकावर टाकता येणार नाही. पण त्याची मदत नक्कीच होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, त्वचेचा कर्करोग इथं विरळा, मग परदेशी मोहिमांची नक्कल कशाला? नक्कल नकोच, आणि बाटलीबंद क्रीमचा नवा खर्चही नको. आपला धोका आहे तो तापमानाचा. म्हणून तर विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. पण मोठ्यांच्या वेळापत्रकातलं हे शहाणपण मुलांपर्यंत पोहोचत नाही. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, हे बालवाडीतलं मूलही स्वतः मोजून पाहू शकतं. त्यापुढे तहान लागण्याआधी पाणी, डोक्याला टोपी किंवा रुमाल, आणि गरगरलं तर बाईंना सांगणं. उरतं ते शाळांचं काम: गणवेशात टायची सक्ती असते तिथं टोपीला परवानगी द्यायला हरकत नसावी, आणि एप्रिलमधला पीटीचा तास बाराच्या ठोक्यावरून सकाळी पहिला घेता येतो.