नोव्हेंबरातली घाई

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा नवा हंगाम सुरू होतो. वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे खेळतात. मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकाचे तीसेक सामने होतात आणि त्यातून निवडलेल्या ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा पुढचे तीन आठवडे सारा देश पाहतो. मात्र थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपेपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा-सात सामन्यांत, बहुतेक चाहत्यांचा निकाल देऊन झालेला असतो. प्रशिक्षक कामाचा की बिनकामाचा, नव्याने आणलेला खेळाडू पैशाला जागला की नाही, संघ मार्चमध्ये दिसणार की घरी बसणार, सगळे ठरून जाते. या घाईबद्दल हंगामाच्या तोंडावरच बोलले पाहिजे, कारण तिची झळ आता थेट खेळणाऱ्या मुलांना लागू लागली आहे.

घाईचा निकाल दोन्ही बाजूंनी कसा चुकतो, हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चाहत्यांइतके कोणी अनुभवलेले नसेल. चॅपल हिल हे विद्यापीठाचे छोटे गाव. फिकट निळा रंग ही इथल्या घराघराची निशाणी, आणि काही मैलांवरचे ड्यूक विद्यापीठ हा कायमचा प्रतिस्पर्धी. ड्यूकला हरवले की विद्यार्थी फ्रँकलिन स्ट्रीटवर लोटतात आणि रस्ता बंद होतो. मायकेल जॉर्डन इथलाच. १९८२च्या अंतिम सामन्यात विजयी बास्केट टाकले तेव्हा तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. अशा गावात संघाच्या प्रकृतीची चौकशी घरातल्या माणसासारखीच होते, आणि त्यात वावगे काही नाही.

२०२१च्या नोव्हेंबरात ह्यूबर्ट डेव्हिस प्रथमच मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. त्यांच्या आधी रॉय विल्यम्स यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती, तेव्हा तुलना अटळ होती. कनेटिकटमधल्या स्पर्धेत संघ लागोपाठ दोन दिवस हरला: पर्ड्यूकडून ९३-८४, टेनेसीकडून ८९-७२. डिसेंबरात लास व्हेगासमध्ये केंटकीने ९८-६९ असे धुतले. जानेवारीत मायामीकडून २८ गुणांनी आणि पाठोपाठ वेक फॉरेस्टकडून २२ गुणांनी हार झाली. फेब्रुवारीत ड्यूकने चॅपल हिलला येऊन २० गुणांनी मात केली, आणि नंतर दुबळ्या समजल्या जाणाऱ्या पिट्सबर्गनेही घरच्या मैदानावर हरवले. हा संघ बचाव करत नाही, तो मऊ आहे, प्रशिक्षकाला झेपत नाही, असे बोलले जात होते. त्या वेळच्या आकड्यांवरून पाहिले तर यातले काहीच खोटे नव्हते.

तरी याच संघाने ५ मार्चला ड्यूकच्या अंगणात, त्यांचे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांच्या तिथल्या शेवटच्या सामन्यात, ९४-८१ असा विजय मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेत आठवे मानांकन मिळालेल्या या मुलांनी गतविजेत्या बेलरला जादा वेळेत हरवले, मग यूसीएलएला, आणि २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये पुन्हा ड्यूकला, ८१-७७. शेशेव्स्की यांच्या कारकिर्दीचा तो शेवटचा सामना ठरला. अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांची आघाडी असलेल्या या संघाला कॅन्ससने ७२-६९ असे हरवले, हे खरे. पण डिसेंबरात ज्यांनी या संघावर पाणी सोडले होते, ते एप्रिलमध्ये अंतिम सामना पाहत होते.

हा चमत्कार नव्हता. संघातला डॉसन गार्सिया घरच्या कारणाने जानेवारीत परत गेला आणि ब्रेडी मॅनेक पहिल्या पाचांत आला. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा मुलगा दुरून अचूक नेम धरत असे. त्याच्यामागे प्रतिस्पर्ध्याला बाहेर जावे लागे, आणि मग बास्केटखाली आर्मांडो बेकॉटला हातपाय पसरायला जागा मिळे. बेकॉटने राष्ट्रीय स्पर्धेच्या सहाही सामन्यांत गुण आणि रिबाउंड दोन्हीत दहाचा आकडा गाठला. याआधी असे कोणी केले नव्हते. थोडक्यात, नोव्हेंबरात ज्या संघाची परीक्षा झाली तो संघ मार्चमध्ये खेळलाच नाही. नावे बहुतेक तीच होती, पण मांडणी वेगळी होती.

पुढच्या वर्षी घाई उलट्या दिशेने झाली. पाचांपैकी चौघे परत आले, मॅनेकच्या जागी नॉर्थवेस्टर्नहून पीट नॅन्स आला, आणि हंगामाआधीच्या क्रमवारीत संघाला पहिले स्थान मिळाले. सुरुवातीचे पाचही सामने जिंकले, पण कसे? गार्डनर-वेब या लहान विद्यापीठाला घरच्या मैदानावर हरवताना जेमतेम सहा गुणांचे अंतर राहिले. पोर्टलंडमधल्या स्पर्धेत आयोवा स्टेटने हरवले, मग अलाबामाने चार जादा वेळांनंतर १०३-१०१ असे. त्यानंतर इंडियाना आणि व्हर्जिनिया टेक. ओळीने चार पराभव! मॅनेक गेल्यावर मोकळी जागा गेली होती आणि बाहेरून नेम लागत नव्हता. ते पहिल्या पंधरवड्यात दिसत होते. मात्र आदल्या वर्षीचा मार्च इतका ताजा होता की ‘गेल्या वेळीही असेच झाले होते’ म्हणून लोक स्वतःची समजूत काढत राहिले. संघ २०-१३ वर थांबला आणि राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. १९८५ साली ही स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामाआधी पहिल्या क्रमांकावर असलेल्या कोणत्याही संघावर ही वेळ आली नव्हती.

आमचे म्हणणे असे की दोन्ही वर्षी चूक एकच होती. लोक गुणफलक पाहत होते. पाच लोक मैदानावर एकमेकांशी कसे वागत आहेत, इकडे फार थोड्यांचे लक्ष होते.

नोव्हेंबर निरर्थक असतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती नोव्हेंबरातला सामना आणि फेब्रुवारीतला सामना एकाच तराजूत तोलते. २०२४-२५च्या हंगामात याच नॉर्थ कॅरोलायनाने सुरुवातीला अवघड प्रतिस्पर्धी निवडले. कॅन्ससकडून तीन गुणांनी हार, ऑबर्नकडून हार, मिशिगन स्टेटकडून जादा वेळेत हार, मग अलाबामा, मग फ्लोरिडा. नाताळापूर्वीच पाच पराभव, आणि न्यूयॉर्कमध्ये यूसीएलएवर मिळवलेला एक मोठा विजय. मार्चमध्ये समितीसमोर गेला तेव्हा सर्वात कठीण गटात मोडणाऱ्या सामन्यांतला या संघाचा हिशेब १ विजय आणि १२ पराभव असा होता. शेवटच्या काही जागांतून प्रवेश मिळाला आणि त्यावर देशभर वाद झाला. ‘हरलो, पण चांगल्या संघांकडून’ ही नोव्हेंबरातली समजूत चार महिन्यांनी पुरी पडली नाही.

तरीही त्याच पाच पराभवांकडे एप्रिलमधून पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. त्या पाचांपैकी चार संघ, ऑबर्न, मिशिगन स्टेट, अलाबामा आणि फ्लोरिडा, देशातल्या शेवटच्या आठांत पोहोचले, आणि फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून विजेतेपद पटकावले. आपण कोणाकडून हरलो, हेच मुळी नोव्हेंबरात कळत नाही. समोरचा संघही अजून घडत असतो.

केन पॉमरॉय यांनी हवामान खात्यात काम केले आहे. त्यांची संघांची आकडेवारी आज प्रत्येक प्रशिक्षक वाचतो. तेही हंगामाच्या आरंभी आपल्या जुन्या अंदाजाला मोठे वजन देतात आणि सामने वाढत जातील तसे ते कमी करत जातात. ज्याचे पोट आकड्यांवर चालते तो माणूसही पहिल्या पाच सामन्यांवर विसंबत नाही, हे ध्यानात घ्यावे. पैसे देऊन बोलावलेल्या लहान विद्यापीठाला तीस गुणांनी हरवले, यातून फारसे काही कळत नाही. दुरून मारलेले फटके एका रात्री पडतात, दुसऱ्या रात्री पडत नाहीत. चेंडू हातातून किती वेळा निसटतो, चुकलेल्या फटक्यावर कोण झेपावते, बास्केट झाल्यावर पाचही जण धावत मागे येतात का, बाकावर बसलेली मुले उभी राहून ओरडतात का, हे पाहावे. यातले बरेचसे नोव्हेंबरातही खरे असते आणि मार्चपर्यंत टिकते.

शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण आधी आधण तरी यायला हवे, आणि हल्ली ते उशिरा येते. २०२१पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. जुलै २०२५पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. त्यामुळे नोव्हेंबरात मैदानात उतरणारे पाच जण मे महिन्यापर्यंत एकमेकांना ओळखतही नसतात, असे पुष्कळदा घडते. पूर्वीचा चाहता तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ओळखीची मुले पाहत असे आणि त्याचा अंदाज त्या ओळखीवर उभा असे. तो आधार आता उरलेला नाही, आणि निकालाची घाई मात्र आधीपेक्षा वाढली आहे.

या घाईने माणसांचे काय होते, याचीही चॅपल हिलला जुनी आठवण आहे. १९६१मध्ये डीन स्मिथ इथे मुख्य प्रशिक्षक झाले. स्मिथ कॅन्ससचे विद्यार्थी. तिथे त्यांना फॉग ॲलन यांनी घडवले, आणि ॲलन हे १८९१ साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए विद्यालयात हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांचे शिष्य. (मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना ही वायएमसीएची वाट वेगळी सांगायला नको.) इतकी थोर परंपरा पाठीशी असूनही स्मिथ यांचा पहिला हंगाम ८ विजय आणि ९ पराभवांचा झाला. जानेवारी १९६५मध्ये वेक फॉरेस्टकडून हरून संघाची बस रात्री परतली, तेव्हा व्यायामशाळेबाहेर त्यांचा पुतळा फासावर लटकत होता. विद्यार्थ्यांनीच तो टांगला होता. बिली कनिंगहॅम हा संघातला सर्वोत्तम खेळाडू बसमधून उतरला आणि त्याने तो खेचून काढला.

स्मिथ १९९७पर्यंत राहिले. ८७९ विजय, ११ वेळा शेवटच्या चार संघांत स्थान, दोन राष्ट्रीय विजेतेपदे. आजचे स्टेडियम त्यांच्या नावाचे आहे, आणि ते नाव त्यांच्या हयातीत, ते प्रशिक्षक असतानाच दिले गेले. ड्यूकमध्येही हेच घडले. शेशेव्स्की यांचे दुसरे आणि तिसरे वर्ष १०-१७ आणि ११-१७ असे गेले, त्यांना काढा अशी ओरड झाली, आणि क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी ती ऐकली नाही. पुढे पाच विजेतेपदे आली. हे सारे ही दोन माणसे किती थोर होती याचे दाखले म्हणून सांगत नाही. टिकवून धरणारे कोणी होते म्हणून ती थोर होऊ शकली, हे सांगायचे आहे. ज्यांना कोणी टिकवून धरले नाही त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत.

१९६५मध्ये रोष निदान पुतळ्यावर निघाला. आज तो मुलांच्या हातातल्या फोनवर पोहोचतो. ११ मार्च २०२४ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोबाइलवरून सट्टा लावणे कायदेशीर झाले. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत संघाने मिशिगन स्टेटला १६ गुणांनी हरवले. बेकॉटने १८ गुण केले, पण रिबाउंड सात घेतले. नंतर त्याने पत्रकारांना सांगितले की रिबाउंड कमी पडले म्हणून शिव्या देणारे शंभराहून अधिक संदेश त्याला आले. संघ जिंकला होता, त्याने चांगला खेळ केला होता. कोणाचा तरी पैसा बुडाला, एवढाच त्याचा गुन्हा. चाहत्याची निराशा आणि सटोडियाचा राग यांत फरक आहे. पहिलीत प्रेम असते, म्हणून तिला मान आहे. दुसऱ्याला इथे अजिबात थारा नसावा, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. विद्यापीठांनी आणि राज्य सरकारांनी खेळाडूच्या वैयक्तिक कामगिरीवरचा सट्टा बंद करावा. सामन्याच्या निकालावरचा सट्टा एक वेळ समजू, पण एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने किती रिबाउंड घ्यावेत यावर पैसे लावण्याची सोय कोणत्याही विद्यापीठाने सहन करू नये.

कॅरी आणि मॉरिसव्हिल या चॅपल हिलजवळच्या गावांत आज मराठी घरे बरीच आहेत, आणि त्यांची मुले याच विद्यापीठांच्या गॅलरीत निळे कपडे घालून बसतात. त्यांना, आणि अमेरिकेत कुठल्याही विद्यापीठाच्या संघावर जीव लावणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाला, आमची विनंती आहे. डिसेंबरातल्या त्या सामन्यांना जा, ज्यांची तिकिटे सहज मिळतात आणि ज्यांना खुर्च्या रिकाम्या राहतात. नव्या मुलांची नावे पाठ करा. प्रशिक्षकाच्या डावपेचांवर हवी तितकी टीका करा, त्याला त्याचेच मानधन मिळते. संघाबद्दलचे अंतिम मत कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या साखळीतले, निम्मे सामने होईपर्यंत राखून ठेवा. आणि आपल्या घरातून कोणत्याही खेळाडूच्या फोनवर शिवीगाळ करणारा संदेश जाणार नाही, एवढे आजच मुलांना बजावून ठेवा.