सांगड : एका तरंगत्या शब्दाविषयी

'कवीने आशय आणि अभिव्यक्ती यांची सुरेख सांगड घातली आहे.' हे वाक्य मराठीच्या उत्तरपत्रिकांत आले नाही असे एकही वर्ष आम्हांला आठवत नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते हे आमच्याकडूनच शिकले. आमचा एक जुना लेख परवा चाळला, तेव्हा त्यात ही सांगड तीनदा घातलेली आढळली. त्या तीन ठिकाणी आम्ही नेमके काय कशाला बांधले होते, ते आता आमचे आम्हांलाच सांगता येत नाही.

सांगड ही मुळात एक वस्तू आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) पहिला अर्थ आहे तो एकत्र बांधलेल्या दोन होड्यांचा, आणि पोहण्यातरंगण्यासाठी जोडलेल्या दोन भोपळ्यांचा. वाळून आतून पोकळ झालेले भोपळे दोरीने जोडायचे आणि त्यांच्या आधाराने पाण्यात उतरायचे. आज जलाशयांवर मासेमारी करणारे त्याच कामासाठी थर्माकोलचे तराफे किंवा हवा भरलेल्या ट्यूब वापरतात. वस्तू गेली, क्रियापद मात्र समीक्षेत तरंगत राहिले.

शब्दाचे कूळ मोठे आहे. संस्कृत 'संघाट' म्हणजे जोडणी, लाकडांची बांधणी. त्याच कुळातला मल्याळम 'चंगाडम्' पोर्तुगीजांनी उचलला, त्याचा 'जांगादा' केला आणि तो ब्राझीलला नेला. तेथील ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी शिडाच्या ज्या तराफ्यावरून मासे धरतात, त्याचे नाव जांगादाच. आपल्याकडे जाळ्याच्या वरच्या दोराला जो 'बोया' बांधतात, तो पोर्तुगीज 'बोइआ'चा भाऊबंद. तरंगत्या वस्तूंची नावेही किनाऱ्याकिनाऱ्याने तरंगतच गेलेली दिसतात.

'रूढलक्षणा' शिकवताना आपण 'कुशल' या शब्दाचा दाखला देतो. कुश गवत तोडणारा तो कुशल. पण आज ते गवत कोणाला आठवते? मग सांगडीतले भोपळे तरी का आठवावेत, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गवत विसरल्याने 'कुशल'चे काही बिघडत नाही; भोपळे विसरल्याने मात्र विचार बिघडतो. सांगडीत दोन्ही भोपळे वेगळेच राहतात. ते एकजीव होत नाहीत. आशय आणि अभिव्यक्ती अभिन्न आहेत असे पहिल्या परिच्छेदात लिहायचे आणि तिसऱ्यात कवीने त्यांची सांगड घातली असे म्हणायचे, हे कसे जमावे? जे अभिन्न आहे त्याला दोरी कुठून बांधणार?

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'विषयी (१९५६) मात्र हा शब्द आम्ही निःशंकपणे वापरू. झाडांचे नेमके निरीक्षण आणि ललित संवेदना ही तिथे दोन म्हणूनच दिसतात, आणि त्यांतले एक काढले तर पुस्तक कलते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भगवंत संसार तरून नेणारे तारू होतात. तिथे सड्या माणसाला ध्यानाची कास मिळते, परिवारवाल्यांना तराफा मिळतो आणि कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधली जाते. ज्याचे त्याचे साधन वेगळे. पाणी पाहिलेल्या माणसाचे हे रूपक आहे. आमच्या वाक्यात पाणीच नसते.

यंदा एम. ए.च्या वर्गात आम्ही विचारले, सांगड कोणी पाहिली आहे का? सगळे गप्प. मग नदीकाठच्या गावातून आलेला एक विद्यार्थी उठला. आजोबांकडून ऐकले आहे म्हणाला, आणि फळ्यावर दोन भोपळे काढून दाखवू लागला. आम्ही ते जवळजवळ काढायला सांगितले, तर त्याने मान हलवली. म्हणाला, "सर, मधे जागा ठेवायला लागते. माणूस तिथंच पडतो ना."