पासवर्ड कॅफेवाल्याकडे, शाळा वाऱ्यावर

जालना जिल्ह्यातल्या शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

कितीतरी शाळांच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड आज मुख्याध्यापकांना ठाऊक नसतो, तालुक्याच्या नेट कॅफेतल्या पोराला मात्र तोंडपाठ असतो. त्यात माझीही शाळा होती, म्हणूनच हे पत्रक काढायचं धाडस करतोय.

पोर्टलवर माहिती भरताना त्या पोराने घाईत आमच्या एका मुलीच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा टाकला. 05/08 चं 08/05 झालं, आधार जुळेना. पोरगी रोज पहिल्या बाकावर हजर, पण पोर्टलवर अवैध. संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची मंजुरी, आता आधार वैध झालेल्या पटावर होते. अशी पाच-सात नावं अडकली की शिक्षकाचं पद जातं. कॅफेतल्या पोराला काय बोलणार? त्याने आमचं जनरल रजिस्टर कधी पाहिलेलंच नाही. ते बघायचं होतं मला, आणि मी तर बाहेर बाकड्यावर चहा पीत बसलो होतो. दुपारची वेळ, दोनशिक्षकी शाळा. चारही वर्ग एकट्या मॅडमच्या गळ्यात.

"आपण एमएस-सीआयटी झालोय ना?" झालोय की! 2001 मध्ये हा कोर्स आला, शासनाने संगणक अर्हता सक्तीची केली, 31 डिसेंबर 2007 ही मुदत दिली, आणि उशिरा पास झालेल्यांच्या वेतनवाढी रोखून वसुलीही लावली. साहजिकच आपण कोर्स केला तो वेतनवाढीसाठी. पेंटमध्ये झेंडा रंगवला, परीक्षा दिली, प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लावलं आणि माउस खाली ठेवला. 2015 ला 'सरल' पोर्टल आलं तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. आता यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद. प्रमाणपत्र फाईलमध्येच आहे.

शासनालाही विचारायला हवं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक लावू नका म्हणतं. मग तीच माहिती चार पोर्टलवर चार वेळा भरणं कशात बसतं? त्यासाठी केंद्रनिहाय डाटा ऑपरेटर द्या. ही मागणी सोडायची नाही.

पण त्या मागणीआड लपायचंही नाही. जे काम आपलंच आहे ते तरी आपल्याला यायला हवं. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता कॅल्क्युलेटर घेऊन आकारिक अधिक संकलित अशी गुणांची बेरीज करत बसतो. एक्सेलच्या पहिल्या ओळीत एक सूत्र लिहून खाली ओढलं की सगळ्या वर्गाची बेरीज दोन मिनिटांत होते. कृतिदेवमध्ये टाईप केलेलं पत्र साहेबांच्या मोबाईलवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं. युनिकोडमध्ये लिहिलं तर कुठेही वाचता येतं. पीडीएफ लहान करणं, ओटीपी कुणाला न सांगणं, आधारवरचं नाव रजिस्टरशी ताडून पाहणं. एवढंच. यात कसलं रॉकेट उडवायचंय?

याहून पुढचंही जमतं: परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळालं. आपण अभिनंदनाचे स्टेटस ठेवले. पण तो कोड तयार कसा करायचा, हे मला तरी कुठल्या प्रशिक्षणात कुणी दाखवलं नाही. प्रशिक्षण म्हणजे प्रोजेक्टरवर स्लाईड, साहेबांचं भाषण, उपस्थितीची सही आणि जेवण. (जेवण चांगलं असतं, हे कबूल.)

म्हणून आमचं म्हणणं: मंठ्यापासून भोकरदनपर्यंत प्रत्येक केंद्राच्या शिक्षण परिषदेतला एक तास संगणकाला द्या, तोही शाळेच्या खऱ्या माहितीवर. शिकवायला बाहेरची एजन्सी नको. ज्याला येतं असा एखादा तरुण गुरुजी प्रत्येक केंद्रात आहे, त्याला त्या दिवशी दुसरं काम लावू नका. ज्येष्ठांनी त्याच्याशेजारी बसायला लाजू नये.

पुढच्या परिषदेला येताना जनरल रजिस्टर, शाळेचा लॅपटॉप (धूळ पुसून) आणि चार्जर सोबत आणा. आणि येण्याआधी कॅफेत जाऊन पासवर्ड बदलून या.

— जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक